गंगावेशीतलं रेडकू आणि तीस सेकंदांचा स्टोरीबोर्ड

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. कोल्हापूरकराला यात नवल नाही. आज मात्र आपण तिथे दूध प्यायला नाही, एक कार्टून मांडायला जायचंय. तीस सेकंदांचं, हाताने काढलेलं.

गोष्ट एवढीच. तालमीत नुकतंच घातलेलं आठ वर्षांचं पोरगं. हातात त्याच्या डोक्याएवढा ग्लास. शेजारी खुंटाला बांधलेलं रेडकू त्याच्याकडे टक लावून बघतंय. पोरगं ओशाळतं, पाठ फिरवतं आणि घटाघटा पितं. तेवढ्यात रेडकू दावं सोडवून आईकडे धावतं. पोरगं ग्लास खाली करतं तर ओठांवर पांढरी मिशी. रेडकू मान वळवतं तर त्याच्याही तोंडाला तस्साच फेस. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. म्हैस आधी रेडकाचं तोंड चाटते, मग पोराचंही.

ही गोष्ट मला नऊ वाक्यांत सांगता आली म्हणून ती चित्रात मांडता येते असं समजू नका. "ओशाळतं" हा शब्द लिहायला एक सेकंद लागतो. तो चित्रात दाखवायचा म्हणजे खांदे किती पडलेत, नजर कुठे आहे, ग्लास छातीशी धरलाय की पोटाशी, आणि हे सगळं आपण किती लांबून बघतोय, हे ठरवावं लागतं. ते ठरवण्याची जागा म्हणजे स्टोरीबोर्ड. एकेका शॉटची छोटी चित्रं ओळीने लावलेली, खाली कृती आणि बोलणं लिहिलेलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्ने स्टुडिओत चित्रं सुट्या कागदांवर काढून भिंतीवरच्या फळ्याला टाचण्यांनी लावायची पद्धत रुळली. कागद सुटे असणं हाच तिचा खरा शोध. वहीत काढलेलं चित्र हलत नाही. टाचणीचं हलतं, गळतं, पुढे-मागे जातं.

आणि आपल्या गावाला हे अगदीच परकं नाही. १९२० साली स्वतःचा पहिला मूकपट काढणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणारे. चित्रीकरणाआधी ते पात्रांची, पोशाखांची, हालचालींची रेखाटनं करून ठेवत. त्याला कुणी तेव्हा स्टोरीबोर्ड म्हणत नसेल, पण कॅमेरा लावण्याआधी कागदावर बघून घ्यायची सवय तीच.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर पुण्यातल्या एका स्टुडिओत मला चाचणी म्हणून एक मिनिटाचा बोर्ड करायला दिला. मी चार दिवस रात्री जागून बेचाळीस चित्रं काढली. शाई मारली, छटा भरल्या, एकाच्या शर्टाला तर चौकडा काढला. दिग्दर्शकांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "सुरुवात कुत्र्यापासून करूया का?" म्हणजे माझी पहिली एकोणीस चित्रं बाद. मी वाद घातला. कुत्र्यापासून सुरुवात चांगली नव्हती म्हणून नाही, तर चौकड्याचा शर्ट जाणार म्हणून. ते काम मला मिळालं नाही आणि ते बरोबरच झालं.

रफ काढायचं ते एवढ्यासाठी. घाईघाईचं, गबाळं काढायचं असा त्याचा अर्थ नाही. जे चित्र फेकताना हात जड होत नाही, पण बघणाऱ्याला एका नजरेत कळतं, ते रफ. यातलं दुसरं अवघड आहे आणि कसब तिथेच लागतं.

सामान

फार काही लागत नाही. छापखान्यात कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या मिळाल्या तर मागून आणा, नाहीतर साधे ए-फोर कागद आणून कापा. महागडी स्केचबुक घेऊच नका, कारण चांगल्या कागदावर हात आपोआप जपून चालतो. एक निळी रंगपेन्सिल आणि एक मऊ काळी, ४बी किंवा ६बी. निळ्याने शोधायचं, काळ्याने ठरवायचं. निळ्या पेन्सिलीची चाल जुनी आहे. फिकट निळी रेघ छपाईच्या कॅमेऱ्यात उमटत नसे, त्यामुळे ती खोडायची गरजच पडत नव्हती. आज स्कॅन करताना निळा रंग काढून टाकता येतो, पण खरा फायदा मनाचा आहे. निळी रेघ म्हणजे "अजून ठरलं नाही" अशी परवानगी. खोडरबर मात्र घरी ठेवा. चुकलं तर शेजारी दुसरं चित्र काढा.

भिंतीवर टाचण्या मारू दिल्या नाहीत तर सुतळी बांधून कपड्यांचे चिमटे लावा. माझं काम अजून तसंच चालतं, आणि घरच्यांना वाळत घातलेल्या पोरा-रेडकांची सवय झालीय.

पहिली पायरी: नखाएवढी चित्रं

पडदा आज बहुतेक १६:९ प्रमाणात असतो. ३.२ सेंटिमीटर रुंद आणि १.८ सेंटिमीटर उंच अशी चौकट आखा. आगपेटीपेक्षाही लहान. पुठ्ठ्यात एक खाच कापून घेतली की भराभर चौकटी आखता येतात. एका पानावर वीस-पंचवीस बसतात.

एवढ्या लहान चौकटीत डोळ्यांच्या पापण्या काढता येत नाहीत, आणि तेच हवंय. इथे फक्त तीन गोष्टी मावतात: कोण मोठं, कोण लहान, आणि नजर कुठे जाते. म्हैस म्हणजे दोन शिंगं असलेला काळा गोळा. पोरगं म्हणजे एक अंडं आणि एक पांढरा ठिपका. प्रत्येक शॉटची निदान चार वेगवेगळी चित्रं काढा, प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाहून जास्त देऊ नका. पहिलं नेहमी तेच येतं जे आपण कुठेतरी पाहिलेलं असतं. दुसरं त्याच्यावरचा राग असतो. तिसऱ्या-चौथ्यात काहीतरी आपलं निघतं.

"पोरगं पितं आणि रेडकू सुटतं" हा शॉट घ्या. माझ्या पहिल्या चित्रात दोघं शेजारीशेजारी होते, नाटकातल्यासारखे. दुसऱ्यात मी दोन वेगळे शॉट केले, आधी पोरगं, मग रेडकू. चालेल, पण गंमत गेली. तिसऱ्यात पोराला अगदी पुढे आणलं, चौकटीचा डावा अर्धा भाग त्यानेच भरला आणि ग्लासाने त्याचं सगळं तोंड झाकलं. मागे, उजवीकडे, लहानसं रेडकू दावं ओढतंय, गाठ सुटते, ते निघून जातं. पोराला काहीच पत्ता नाही. बघणाऱ्याला सगळा पत्ता आहे. एकाच चौकटीत पुढची जागा आणि मागची जागा वापरली की अशी चोरटी मजा मिळते. शिवाय रिकामा झालेला खुंट मागे तसाच दिसत राहतो.

दुसरी पायरी: पोझ आणि काळी आकृती

आता जी चौकट निवडली ती मोठी काढा, ८ बाय ४.५ सेंटिमीटर पुरे. इथे चित्रकलेचा कस लागतो.

सराव करायला कोल्हापूरसारखं ठिकाण नाही. कुठल्याही तालमीत सकाळी जाऊन बसा, वस्तादांना आधी विचारून. पैलवान डाव टाकतो तेव्हा टाचेपासून डोक्यापर्यंत शरीरातून एकच वाक जातो. तो वाक आधी काढा, एका रेघेत. मग त्याच्यावर धड, मग हातपाय. ही रेघ सरळ आणि मेलेली असेल तर वर कितीही स्नायू काढा, पैलवान पुतळाच वाटतो. आमच्या पोराचंही तसंच. पिताना तो मागे वाकतो, पोट पुढे, टाचा वर, असा धनुष्यासारखा. ओशाळताना तोच वाक उलटा होतो, पाठीला पोक, हनुवटी छातीत. दोन पोझ, दोन उलट वाक. मधलं सगळं ॲनिमेटर बघून घेईल.

मग परीक्षा. आकृती आतून पूर्ण काळी भरा, किंवा मनातल्या मनात भरा. अजून कळतंय का काय चाललंय? पोराने ग्लास छातीसमोर धरला आणि आपण समोरून बघतोय, तर काळं भरल्यावर ग्लास नाहीसा होतो. थोडा बाजूने बघा, कोपर बाहेर काढा, ग्लास शरीरापासून सुटा दिसू द्या. कुस्तीच्या निकालाचं फोटोपान आठवा. चांगल्या फोटोत कुणी कुणाला धरलंय ते लांबूनही समजतं. वाईट फोटोत नुसता मातीचा आणि मांसाचा गोळा दिसतो.

चेहऱ्याला शेवटी हात घाला. नवीन मुलं डोळ्यांपासून सुरुवात करतात, मीही करायचो. पण ओशाळणं डोळ्यात दहा टक्के आणि खांद्यात नव्वद टक्के असतं. (टक्के माझे, मनाचे.)

तिसरी पायरी: कोण कुठल्या बाजूला

खासबाग मैदानात तुम्ही एका बाजूला बसलाय. डावीकडचा पैलवान उजवीकडे तोंड करून उभा. आता उठून आखाड्याच्या पलीकडे जाऊन बसा. तोच पैलवान आता उजवीकडून डावीकडे बघतोय. तुम्ही स्वतः चालत गेलात म्हणून गोंधळ झाला नाही. पडद्यावर मात्र कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणं, एका क्षणात होतो आणि प्रेक्षकाला वाटतं, पैलवानांनी जागा बदलल्या की काय.

म्हणून दोन पात्रांच्या नजरांमधून एक रेघ कल्पा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. आमच्या गोष्टीत पोरगं डावीकडे, रेडकू उजवीकडे. पोराच्या क्लोजअपमध्ये तो उजवीकडे बघणार, रेडकाच्या क्लोजअपमध्ये ते डावीकडे. पोराने पाठ फिरवली की तोंड डावीकडे, पण तो अजूनही पडद्याच्या डाव्या बाजूलाच. शेवटी वळतो तेव्हा पुन्हा उजवीकडे. रेघ ओलांडता येत नाही असं नाही. ओलांडायचीच असेल तर मधे एक शॉट ठेवा ज्यात कॅमेरा सरकताना दिसतो किंवा पात्र स्वतः फिरतं. सुरुवातीच्या पाच-सात बोर्डांत मात्र नका ओलांडू.

यासाठी कागदाच्या कोपऱ्यात वरून बघितल्यासारखा छोटा नकाशा काढून ठेवा: म्हैस कुठे, खुंट कुठे, दिव्याचा खांब कुठे. माझा एक बोर्ड केवळ खांब दोन शॉटमध्ये दोन बाजूंना असल्यामुळे परत आला होता.

खुणा

हे पटकन. शॉटला क्रमांक द्या. एका शॉटला दोन-तीन चित्रं लागली तर क्रमांक तोच, पुढे अ, ब, क. पात्राची हालचाल चौकटीच्या आत बाणाने, कॅमेऱ्याची चौकटीच्या बाहेर. कॅमेरा जवळ जाणार असेल तर मोठ्या चौकटीत लहान चौकट काढून कोपरे बाणांनी जोडा. चौकटीखाली कृती, बोलणं, आवाज, वेळ. जपानी स्टुडिओंत हेच उभ्या कागदावर असतं: एका पानावर वरून खाली पाच चौकटी, शेजारी कृती, संवाद आणि सेकंदांचे रकाने. हायाओ मियाझाकी आपल्या चित्रपटांचे असे बोर्ड स्वतः काढतात, आणि अनेकदा शेवट काढून होण्याआधीच पुढचं काम सुरू झालेलं असतं. तुम्ही तसं करू नका.

चौथी पायरी: सुतळीसमोर उभं राहून सांगणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सगळी चित्रं लावा, एखाद्याला खुर्चीत बसवा आणि हातात फूटपट्टी घेऊन एकेका चित्रावर ठेवत गोष्ट सांगा. वाचू नका, सांगा. रेडकाचा आवाज काढा, घटाघट प्या. मोठ्या स्टुडिओंतही बोर्ड कलाकार असंच उभं राहून, सगळी सोंगं करून दाखवतात, त्यामुळे लाज बाजूला ठेवा.

सांगताना जिथे तुम्हाला "म्हणजे इथे काय होतं की…" असं म्हणावंसं वाटतं, तिथे चित्र कमी पडलंय. जिथे फूटपट्टी एकाच जागी दोन वाक्यं थांबते, तिथे एक चौकट हवी. जिथे तुम्ही चार चित्रं भराभर ओलांडता, तिथली दोन काढून टाका. आणि ऐकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या तोंडाकडे बघा. "छान आहे" सगळेच म्हणतात. माझ्या मित्राने "लै भारी भावा" म्हटलं तेव्हा तो मोबाईल बघत होता.

पाचवी पायरी: वेळ

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम. हाताच्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीस सेकंद म्हणजे ७२० फ्रेम, आणि एकच पात्र सतत हलत असेल तर ३६० चित्रं. दोन पात्रं वेगळ्या थरांवर असतील तर हिशेब आणखी वाढतो. आता लक्षात येईल की बोर्डातली एक नको असलेली तीन सेकंदांची चौकट म्हणजे छत्तीस चित्रांची मजुरी.

आमच्या गोष्टीची पहिली वाटणी अशी होती. कट्ट्याचं दृश्य ४ सेकंद, ग्लास हातात येतो ३, रेडकू बघतं २, पोरगं ओशाळतं ३, पिणं आणि मागे सुटलेलं दावं ६, ग्लास खाली ३, दोघं समोरासमोर ४, चाटणं ५. कागदावर तीस बरोबर जुळले आणि मी खूश.

मग मोबाईलने चित्रांचे फोटो काढले, साध्या व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये त्या त्या वेळेचे लावले, घटाघट आणि हंबरणं स्वतःच्याच आवाजात भरलं. याला ॲनिमॅटिक म्हणतात. पाहिलं तर सुरुवातीचे चार सेकंद संपता संपेनात आणि समोरासमोरचे चार सेकंद मात्र पुरेनात. तिथे काहीच घडत नाही, दोघं फक्त बघतात, आणि नेमकं तिथेच हसू येतं. सुरुवातीचा एक सेकंद काढून तिकडे दिला. शिवाय रेडकाच्या डोळ्यांची एक उघडझाप घातली. आता पाच सेकंदांचा तो शॉट जवळजवळ फुकट आहे, कारण थांबलेल्या पोझला चित्रं लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट, तांत्रिक नाही. तुमच्या रफ चित्रात जी उसळी असते ती क्लीनअपच्या, म्हणजे रफवरून पक्क्या काढलेल्या, सुबक रेघेत हमखास कमी होते. हाताची निम्मी ताकद जुनी रेघ सांभाळण्यात जाते, म्हणून. १९६१ च्या सुमारास डिस्नेमध्ये पेन्सिलची रेघ झेरॉक्सने थेट पारदर्शक सेलवर उतरवायला लागले, तेव्हा ॲनिमेटरच्या हातची खरबरीत रेघ पडद्यावर आली आणि तिथल्या कित्येक चित्रकारांना ती आवडली. कारण खर्च वाचवणं होतं, पण फायदा चित्राचाही झाला. तेव्हा बोर्डातलं एखादं चित्र फारच जिवंत निघालं तर ते फाडू नका. पुढे ॲनिमेशन करताना टेबलासमोर चिकटवून ठेवा आणि पोझ त्याच्याशी ताडून बघा.

शेवटची पायरी: ज्याचं काम त्याला दाखवा

बोर्ड झाला, ॲनिमॅटिक झालं. मी ते मोबाईलवर घेऊन कट्ट्यावरच गेलो आणि धार काढणाऱ्या एका मामांना दाखवलं. त्यांनी हात पुसले, दोनदा बघितलं. हसले नाहीत. म्हणाले, "रेडकू पैल्यापास्नं बांधलंय व्हय? मग म्हैस पान्हवली कशी?"

आधी रेडकू लावतात. ते चार घोट पितं, म्हैस पान्हवते, म्हणजे दूध सोडते, मग त्याला ओढून खुंटाला बांधतात आणि धार काढायला बसतात. मी आयुष्यभर तिथे दूध प्यायलो आणि हे माझ्या बोर्डात नव्हतं.

मी तिथेच कट्ट्यावर बसून ग्लासाच्या खालच्या कागदावर तीन नखाएवढ्या चौकटी काढल्या. रेडकू आईला लुचतंय. कुणाचा तरी हात त्याला दाव्याने ओढतो, तोंडाला फेस तसाच. तोच हात भरलेला ग्लास पोराला देतो. रेडकू टक लावून का बघत होतं, ते आता सांगावं लागत नव्हतं, आणि पोराच्या ओशाळण्यालाही कारण मिळालं. घरी जाऊन सुतळीवरच्या पहिल्या दोन चित्रांचे चिमटे काढले आणि त्या जागी तेलकट डागासकट तो कागद लावला.